मागचा एक्सल तुटलाय? दोन्ही तुकडे घेऊन या

"एक्सल तुटलाय, नवा टाकून द्या, संध्याकाळपर्यंत होईल ना?" हा प्रश्न आम्हाला इतक्या वेळा येतो, की शेवटी उत्तर छापूनच ठेवलं. संध्याकाळपर्यंत होतं का, तर होतं. पण कधी होतं, ते तुम्ही सोबत काय आणता त्यावर आहे.

बहुतेक जण चाकाकडचा लांब तुकडा आणतात, तोही डिझेलने धुऊन, चकचकीत करून. आतला बोटभर स्प्लाइनचा (एक्सलच्या शाफ्टच्या टोकावरचे लांबट दात) तुकडा डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा मधला गिअरसंच) साइड गिअरमध्ये तसाच अडकलेला असतो. तो निघाल्याशिवाय नवा शाफ्ट बसत नाही. तुटल्यावर लगेच गाडी उभी केली असेल, तर हा तुकडा कधी लांब मॅग्नेटने ओढून निघतो, कधी दुसऱ्या बाजूचा शाफ्ट काढून तिकडून सळईने ढकलला की बाहेर येतो. तासाभराचं काम. (काही डिफरन्शियलमध्ये मधली पिन आड येते, मग उघडण्यावाचून इलाज नाही.)

पण फोर बाय फोर टाकून पुढच्या चाकांच्या जोरावर वीस-तीस किलोमीटर गाडी आणली, की गणित बदलतं. तुटलेली टोकं एकमेकांवर घासत राहतात, कपचे उडतात, तेलात मिसळतात आणि क्राऊन-पिनियनच्या, म्हणजे डिफरन्शियलच्या मुख्य गिअर-जोडीच्या, दातांत जातात. मग आम्ही डिफरन्शियल उघडतो, सगळं धुतो, बेअरिंग बोटाने फिरवून खरखर तपासतो. "एक्सल तुटला होता, डिफरन्शियल कशाला खोललं?" असं विचारलं जातं, म्हणून सांगून ठेवतो: त्यातली एक कपची आत राहिली, तर पुढचं बिल एक्सलचं नसेल, क्राऊन-पिनियनचं असेल.

दोन्ही तुकडे न पुसता मागण्याचं आणखी एक कारण आहे. तुटलेलं तोंड बोलतं. सगळीकडे सारखं, ताजं, दाणेदार तोंड असेल आणि शेजारच्या स्प्लाइन पिळलेल्या कपड्यासारख्या वळलेल्या असतील, तर एका झटक्यात मोडलाय. चाक हवेत गरगर फिरत होतं, अचानक दगडावर टेकलं, असं काहीतरी. याउलट एका कडेला गुळगुळीत, मळकट भाग असेल, त्यावर शिंपल्यावर असतात तशा वळ्या असतील आणि उरलेला थोडाच भाग खरबरीत असेल, तर तो शाफ्ट बरेच दिवस हळूहळू चिरत होता. त्या दिवशी फक्त शेवटचा धागा तुटला. अशा वेळी आम्ही आधी हाउसिंग, म्हणजे शाफ्टभोवतीचं लोखंडी कवच, तपासतो. हाउसिंग किंचित वाकलेलं असलं, तरी शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला वाकतो आणि सरळ होतो. ७५ सेंटीमीटर व्यासाचं टायर एका किलोमीटरमध्ये सव्वाचारशेच्या आसपास फेरे घेतं. हजार किलोमीटरला झाले सव्वाचार लाख. तार वाकवून-वाकवून तोडतात ना, तेच.

सुरुवातीच्या काळात ही चूक आम्हीच केली होती. गिऱ्हाईक घाईत होतं, आम्हीही. तुकडा भंगारात टाकला, नवा शाफ्ट बसवला, गाडी दिली. काही महिन्यांत तीच गाडी, तीच बाजू. तेव्हा माप घेतलं तर हाउसिंग वाकलेलं निघालं. दुसरा शाफ्ट आमच्या खिशातून गेला. तेव्हापासून माप घेतल्याशिवाय नवा शाफ्ट आत जात नाही, कितीही घाई असो.

वेल्डिंगबद्दल रोज विचारतात. आम्ही करत नाही. शाफ्टला उष्णता देऊन कडकपणा आणलेला असतो. वेल्डिंगच्या आचेने जोडाशेजारचा तो कडकपणा बिघडतो, कुठे मऊ पडतो, कुठे ठिसूळ होतो. जोड टिकेल एखाद वेळेस, शेजारी तुटेल. पहिला गिअर चारपट, लो रेंज (फोर बाय फोरचा जादा जोराचा गिअर) अडीचपट, डिफरन्शियल चारपट धरलं, तर इंजिनचा जोर मागे पोहोचेपर्यंत चाळीसपट होतो. लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) लावलेला असेल आणि एकच चाक जमिनीला धरून असेल, तर तो जवळजवळ सगळा एका शाफ्टवर. तिथे लॅथवाल्याचा जोड ठेवायचा धीर आम्हाला नाही.

झटक्याने मोडला असेल, तर दुसऱ्या बाजूचा शाफ्टही काढून बघतो. स्प्लाइन वळलेल्या दिसल्या, तर जोडी बदला म्हणतो. सरळ असेल, तर तोच परत बसतो. उगाच जोडी गळ्यात मारत नाही. बेअरिंग आणि ऑइल सील मात्र त्या बाजूचं नवंच. ब्रेक शूवर गिअर ऑइल चढलं असेल, तर शूही बदलायचे, धुऊन वापरायचे नाहीत. ब्रीदर (हाउसिंगमधली हवा आत-बाहेर जायची वाट) तुंबलेला असेल तर साफ करतो, त्याचे पैसे लावत नाही. तो तुंबला, की गरम एक्सल पाण्यात उतरल्यावर सीलमधून पाणी ओढतो आणि तेल दुधाळ होतं.

रस्त्यात तुटला, तर आधी चाकाच्या मधोमध बघा. हब बाहेर आलेलं असेल आणि त्यावर छोट्या बोल्टांचं कडं असेल, तर फुल-फ्लोटिंग. त्यात वजन हबच्या बेअरिंगवर असतं, शाफ्ट नुसता फिरवण्यापुरता. चाक जागेवर राहतं, गाडी ओढून आणता येते. मध्ये तसं काही नाही, फक्त चाकाचे नट आहेत, तर बहुधा सेमी-फ्लोटिंग. त्यात गाडीचं वजनही शाफ्टवरच असतं, आणि काही गाड्यांत चाक ड्रमसकट बाहेर सरकतं. ती ओढू नका, ट्रेलरवर चढवा. आम्हाला फोन केलात तर फोटो बघून कोणता प्रकार ते सांगतो, गाडी आमच्याकडे आणा वा न आणा.

नवा शाफ्ट बसवण्याआधी आम्ही त्यावर मार्करने एक सरळ रेघ मारतो. पुढच्या सर्व्हिसला तो बाहेर काढला, की रेघ बघायची. सरळ असेल तर आत. दोरीच्या पिळासारखी वळली असेल, तर तुटायच्या आधी बदलायचा. जोडी बदललीत, तर जुना धड शाफ्ट तुमचाच. फार वळलेला नसेल, तर गाडीत ठेवा, आडवाटेला तात्पुरता चालतो. पण त्यावर डावा की उजवा ते लिहून ठेवा. पुष्कळ गाड्यांत दोन्हींची लांबी वेगळी असते.

फोन करताना बाजू, स्प्लाइनचे दात आणि गाडीचं वर्ष सांगा. आणि तुकडे फडक्यात गुंडाळून आणा, पुसू नका.