निःशस्त्र प्रतिकार (नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात)

निःशस्त्र प्रतिकार : अन्याय्य वाटणारा कायदा किंवा हुकूम उघडपणे मोडून, त्याबद्दलची शिक्षा स्वतः सोसून आणि प्रतिपक्षावर हात न उगारता सत्तेला नमवण्याची पद्धत. सत्याग्रह, असहकार, सविनय कायदेभंग, बहिष्कार हे शब्द मराठीत बहुधा एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण त्यांचा उगम आणि व्याप्ती सारखी नाही. भारतातील वसाहतसत्तेच्या अंतात या पद्धतीचा वाटा किती, या वादाचा येथे नाशिक जिल्ह्याच्या आधारे विचार केला आहे.

संज्ञा व उगम : ‘निःशस्त्र प्रतिकार’ हा शब्द ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ला पर्याय म्हणून वंगभंगाच्या (बंगालच्या फाळणीच्या) काळात मराठी वृत्तपत्रांतून रूढ झाला असावा. टिळकांनी २ जानेवारी १९०७ रोजी कलकत्त्याच्या भाषणात त्याचा आशय नेमका सांगितला : आपल्याजवळ शस्त्रे नाहीत आणि त्यांची गरजही नाही, महसूल गोळा करायला व शांतता राखायला आपण मदत केली नाही, की हे राज्य चालणार नाही. पुढच्या असहकाराचे सूत्र येथे जवळजवळ पूर्ण आलेले आहे. ‘सत्याग्रह’ हा शब्द मात्र दक्षिण आफ्रिकेतला. तेथील भारतीयांच्या लढ्याला देशी नाव हवे म्हणून गांधींनी ‘इंडियन ओपिनियन’मधून वाचकांकडे सूचना मागवल्या. मगनलाल गांधींनी सुचवलेल्या ‘सदाग्रह’चे ‘सत्याग्रह’ झाले. हे १९०७ ची अखेर ते १९०८ चा आरंभ या सुमाराचे. ज्या सभेत प्रतिकाराची शपथ घेतली गेली ती जोहान्सबर्गची सभा त्याआधीची, ११ सप्टेंबर १९०६ ची. म्हणजे कृती आधी, नाव मागाहून.

या पद्धतीचे मूळ देशी की परदेशी, यावर बरीच शाई खर्च झाली आहे. रशियन लेखक टॉल्स्टॉय आणि अमेरिकन लेखक थोरो यांचे ऋण गांधींनीच मान्य केले आहे. दुसरा पक्ष ‘धरणे’ या जुन्या प्रथेकडे बोट दाखवतो. थकलेले कर्ज किंवा तुंबलेला पगार वसूल करण्यासाठी धनको वा शिपाई ऋणकोच्या दारात उपाशी बसे. आपल्या दारात कोणी उपाशी मेला तर पाप आपल्या माथी येईल, या धास्तीवर सारा मामला चाले. ही चाल इतकी मुरलेली होती की १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ५०८ च्या उदाहरणात ‘दारी धरणे धरून बसणारा’ आलेला आहे. ‘बहिष्कार’ या शब्दालाही राजकारणात येण्यापूर्वी गावकीचा इतिहास आहे. वाळीत टाकणे, ग्रामण्य (जातिबहिष्काराचा वाद) उभे करणे, पाणवठा तोडणे ही जातपंचायतीची हत्यारे होती. साधर्म्य खरे असले तरी त्यावर फार भार देता येत नाही. असहकाराच्या काळात कलकत्त्याच्या विद्यार्थ्यांनी धरणे धरले तेव्हा गांधींनी त्याला रानटी जबरदस्ती ठरवून झिडकारले होते. धरण्यात दुसऱ्याला पापाची भीती घातली जाते, तर सत्याग्रहात कायद्याची शिक्षा आपण होऊन अंगावर घेतली जाते. जनतेला ही चाल ओळखीची वाटली ती धरण्यामुळे, तिची शिस्त मात्र नवी होती, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

नाशिकची पार्श्वभूमी : या पद्धतीला नाशिक ही अनुकूल भूमी नव्हती. मित्रमेळा आणि अभिनव भारत या सशस्त्र क्रांती मानणाऱ्या सावरकरांच्या संघटना येथल्याच. रणाशिवाय स्वातंत्र्य कोणाला मिळाले, असा प्रश्न आपल्या कवितेतून विचारणारे कवी गोविंद (गोविंद त्र्यंबक दरेकर) नाशिकचेच. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांचा वध केला. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्यात फाशी झाली. त्यानंतरच्या धरपकडीने शहरातले उघड राजकारण काही वर्षे थंडावले. १९१७ मध्ये होमरूलच्या (स्वराज्याच्या मागणीच्या) निमित्ताने टिळक नाशकात बोलले, तेव्हा हे राजकारण पुन्हा हलू लागले.

असहकाराच्या पहिल्या लाटेत जिल्ह्यात घडलेली ठळक घटना नेमकी अहिंसेच्या विरुद्ध जाणारी होती. मालेगावात खिलाफतीच्या (तुर्कस्तानच्या खलिफाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या चळवळीच्या) स्वयंसेवकांना झालेल्या शिक्षेवरून २५ एप्रिल १९२१ रोजी जमाव खवळला आणि एका फौजदारासह काही पोलीस मारले गेले. पुढे खटला होऊन फाशीच्या शिक्षा झाल्या. गांधींनी या प्रकाराचा जाहीर निषेध केला. जमावाने पोलीस ठाणे जाळले ते चौरीचौरा याच्यानंतरचे, फेब्रुवारी १९२२ चे. इतिहासात नाव चौरीचौराचे राहिले. मालेगावचा इशारा मात्र नऊ-दहा महिने आधी मिळालेला होता.

काळाराम मंदिर सत्याग्रह : दांडीयात्रा १२ मार्च १९३० रोजी निघाली. त्याच्या दहा दिवस आधी, २ मार्चला, पंचवटीतील काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मोठी मिरवणूक निघाली. दारे बंद होती, म्हणून ती गोदावरीच्या घाटाकडे वळली. दुसऱ्या दिवशी सव्वाशे पुरुष आणि पंचवीस स्त्रियांची पहिली तुकडी मंदिराच्या चारही दरवाजांशी भजने म्हणत बसली. स्थानिक सूत्रे दादासाहेब (भाऊराव कृष्णाजी) गायकवाड यांच्याकडे होती.

या लढ्यात रामाच्या रथाच्या मिरवणुकीवरून जो संघर्ष झाला, त्या दिवसाच्या तिथीबद्दल घोटाळा आहे. स्पृश्य आणि अस्पृश्य यांनी मिळून रथ ओढावा अशी तडजोड झाली, ती आयत्या वेळी मोडली आणि दगडफेक झाली. ही घटना ९ एप्रिल १९३० ची, आणि अनेक लेखनांत ही तारीख रामनवमीची म्हणून दिलेली असते. परंतु नाशकात रामरथ निघतो तो चैत्र शुद्ध एकादशीला, कामदा एकादशीला. त्या वर्षीची चैत्री पौर्णिमा १३ एप्रिलला पडत असल्याने ९ एप्रिल ही एकादशीच ठरते. नवमी दोनेक दिवस आधी होऊन गेली. नाशिककरांना हे सांगावे लागत नाही, बाहेरच्या लेखकांनी मात्र रामाचा उत्सव म्हणजे नवमी असे गृहीत धरलेले दिसते.

हा लढा वसाहतसत्तेविरुद्ध नव्हता, म्हणून काही संकलक तो या विषयातून वगळतात. तसे करणे बरोबर वाटत नाही. पद्धत तीच होती. जमावबंदीचे हुकूम काढून सत्याग्रहींना पकडणारे सरकारही तेच होते. फरक इतकाच की मिठाचा कायदा मोडणाऱ्यांना शहरातून टाळ्या मिळाल्या, आणि दरवाजाशी बसलेल्यांना त्याच शहरातून दगड. सत्याग्रहात प्रतिपक्षाच्या मनःपरिवर्तनाची जी अपेक्षा असते, तिची खरी परीक्षा येथे झाली. पाच वर्षांत दारे उघडली नाहीत. ३ मार्च १९३४ च्या पत्रात आंबेडकरांनी गायकवाडांना कळवले, की ही चळवळ मूर्तिपूजेच्या ओढीने नव्हे तर समाजात चेतना आणण्यासाठी सुरू केली होती आणि ते काम झाले आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. मंदिरप्रवेशाचा मुंबई प्रांताचा कायदा झाला तो १९४७ साली.

जंगल सत्याग्रह : नाशिकला समुद्र नाही, मीठ करायचे तर कोकणात किंवा गुजरातेत जावे लागे. पावसाळा लागला तसा अंतर्भागात कायदेभंगाला दुसरा विषय मिळाला, राखीव जंगलाचा. गवत, सरपण, चराई यांवर १९२७ च्या वन कायद्याचे निर्बंध होते. बागलाण तालुक्यात १९३० मध्ये हा सत्याग्रह झाला. शेजारी संगमनेरलाही झाला. कृती साधी होती : विळा घेऊन राखीव हद्दीत शिरायचे, गवताची पेंढी कापायची, डोक्यावर घेऊन बाहेर यायचे आणि पकडून घ्यायचे. चराईची फी आणि कोंडवाड्याचा दंड शेतकऱ्याला दरवर्षी भरावा लागे, त्यामुळे हा कायदा का मोडायचा हे त्याला समजावून सांगावे लागले नाही.

नाशिकरोडचा तुरुंग : कायदेभंगात देशभर पकडल्या गेलेल्यांची संख्या १९३०-३१ साठी सरकारी हिशोबाने ६०,००० च्या आसपास, काँग्रेसच्या हिशोबाने ९०,००० भरते. नाशिकरोडच्या मध्यवर्ती तुरुंगात १९३२-३३ मध्ये जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे आदी एकत्र आले. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाची बोलणी येथे झाली. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली तीही याच तुरुंगात. सरकारने माणसे कोंडली आणि त्यांना वाचायला, वाद घालायला सवड दिली. त्या वादांतून बाहेर पडलेले काही जण गांधींच्या पद्धतीबद्दल साशंकही झाले होते. जयप्रकाश आणि पटवर्धन १९४२ मध्ये भूमिगत राहून लढले.

मूल्यमापन : ब्रिटिश सत्ता कशामुळे गेली याची उत्तरे स्थूलमानाने तीन दिली जातात : जनआंदोलन, महायुद्धाने खिळखिळी झालेली ब्रिटनची तिजोरी, आणि आझाद हिंद सेनेचे खटले व फेब्रुवारी १९४६ चे नौदलाचे बंड यांमुळे फौजेवरचा उडालेला विश्वास. तिसऱ्या मतासाठी सत्तांतराच्या वेळचे ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांचे, गांधींचा प्रभाव नगण्य होता अशा आशयाचे उद्गार नेहमी पुढे केले जातात. त्याचा आधार म्हणजे न्यायमूर्ती फणिभूषण चक्रवर्ती यांनी ॲटलींशी १९५६ मध्ये झालेल्या संभाषणाची वीस वर्षांनी पत्रात लिहिलेली आठवण. एकट्या या आधारावर निष्कर्ष उभा करणे धाडसाचे ठरेल. सत्तांतराच्या सुमारास आयसीएसमध्ये (इंडियन सिव्हिल सर्व्हिस या वरिष्ठ प्रशासकीय सेवेत) सुमारे १,००० अधिकारी होते आणि त्यांतले निम्म्याहून थोडे अधिक भारतीय होते. त्यांच्याखाली मामलेदार, तलाठी, पाटील, कोतवाल असा सारा डोलारा देशी माणसांचा. हा डोलारा आतून सैल करण्याचे काम कायदेभंगाने पंचवीस वर्षे केले. युद्ध आणि बंड यांनी घाव घातला तो त्यानंतर.

पद्धतीची मर्यादा गोव्यात दिसली. नाशिकरोडला कैद भोगलेले ना. ग. गोरे यांनी मे १९५५ मध्ये गोव्यात सत्याग्रहींची तुकडी नेली आणि तुरुंगवास पत्करला. १५ ऑगस्टला सीमेवर आलेल्या नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या चालवल्या. ब्रिटिशांना संसदेत आणि वर्तमानपत्रांत जाब द्यावा लागे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीला तो कोणी विचारत नव्हते. गोवा मुक्त झाला तो डिसेंबर १९६१ मध्ये, लष्करी कारवाईने.