फुलपाखरासाठी झालेला सौदा

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरात आज नवी वसाहत उभारायची, तर बिल्डरला आधी एक नकाशा पाहावा लागतो. कुठे बांधता येईल, कुठे नाही, बांधलेल्या जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे किती राखायची, याचा हिशेब त्यावर ठरतो. हा नकाशा निसर्गप्रेमातून निघाला असं मानणं भाबडेपणाचं होईल. तो निघाला कोर्टाच्या धाकातून.

अमेरिकेचा संकटग्रस्त प्रजाती कायदा १९७३ चा, म्हणजे आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याहून एका वर्षाने धाकटा. गरुड आणि अस्वलं वाचवायला कोण विरोध करणार? त्यामुळे तो आला तेव्हा फारशी खळखळ झाली नाही. त्याची धार कळली १९७८ मध्ये. टेनेसीतलं टेलिको धरण जवळजवळ बांधून झालं होतं आणि स्नेल डार्टर नावाच्या बोटभर माशासाठी सर्वोच्च न्यायालयाने ते अडवलं. (पुढच्याच वर्षी संसदेने खास सूट देऊन धरण पुरं करून घेतलं, ते सोडा.) संरक्षित जिवाला मारणं गुन्हा होताच, पण त्याचं रान उद्ध्वस्त करून त्याला मारणंही त्यातच धरलं जात होतं. म्हणजे आपल्या जमिनीवर असा जीव सापडला की मालकापुढे दोनच वाटा: काम थांबवायचं, नाहीतर कुणाला कळायच्या आत बुलडोझर फिरवायचा.

तिसरी वाट सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला सॅन ब्रुनो डोंगरावर सापडली. तिथे घरं बांधायची होती आणि तिथेच मिशन ब्लू हे संरक्षित फुलपाखरू होतं. याच्या अळ्या ल्युपिनच्या झुडपांवरच वाढतात, त्यामुळे फुलपाखरू उचलून दुसरीकडे नेऊन सोडणं हा उपाय नव्हता. बरंच भांडण झाल्यावर बिल्डर, काउंटी (म्हणजे तिथला जिल्हा) प्रशासन आणि डोंगर वाचवणारे रहिवासी एका टेबलाशी बसले. डोंगराचा काही भाग घरांना, उरलेला मोठा भाग कायमचा मोकळा आणि नव्या घरांनी दरवर्षी वर्गणी द्यायची, असं ठरलं. त्या पैशातून डोंगरावर माजलेली गॉर्ससारखी परकी काटेरी झुडपं काढायची. म्हणजे फुलपाखराचा खर्च त्याची जागा घेणाऱ्यांनीच उचलायचा. मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत हुशार कलम हेच वाटतं.

या सौद्याचा नमुना समोर ठेवून संसदेने १९८२ मध्ये कायदा बदलला. कामाच्या ओघात काही जीव मरणार असतील, तरी आधी संवर्धनाचा आराखडा सादर करणाऱ्याला परवाना मिळू लागला. देशातला असा पहिला परवाना १९८३ मध्ये सॅन ब्रुनोलाच मिळाला, तीस वर्षांचा.

दुसरा धडा वाळवंटाने दिला. कोचेला खोऱ्यातला एक सरडा वाऱ्याने वाहून आलेल्या बारीक वाळूतच राहतो. १९८६ च्या आराखड्यात त्याच्यासाठी जागा राखल्या, पण सरडा राहतो तेवढीच जमीन राखून भागत नाही. वाळू जिथून येते तो ओढा आणि ती आणणाऱ्या वाऱ्याची वाटही मोकळी लागते. एकेका प्लॉटवर तोडगा काढून चालणार नाही, अख्खं खोरं एकत्र पाहावं लागेल, हे इथे स्पष्ट दिसलं.

मग आला नॅटकॅचर. जेमतेम सहा ग्रॅमचा करडा पक्षी, आवाज मांजराच्या पिल्लासारखा. लॉस एंजलिसपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंतच्या किनारी झुडपी रानात तो राहतो, आणि नेमकी तीच जमीन सोन्याच्या मोलाची. तो संरक्षित यादीत जाणार अशी चिन्हं दिसताच गव्हर्नर पीट विल्सन यांच्या काळात, १९९१ मध्ये, राज्याने प्रादेशिक आराखड्यांचा स्वतंत्र कायदा केला. १९९३ मध्ये पक्षी यादीत गेला, तेव्हा केंद्राचे मंत्री ब्रूस बॅबिट यांनी राज्याच्या या प्रयोगालाच जोडून घेतलं: आराखडे होईपर्यंत उरलेल्या झुडपी रानापैकी पाच टक्क्यांपर्यंतच तोड चालेल.

यातून १९९७ मध्ये सॅन डिएगोचा आराखडा मंजूर झाला. ९०० चौरस मैलांचा प्रदेश, ८५ प्रजाती, सुमारे १,७२,००० एकर राखीव क्षेत्राचं उद्दिष्ट, मुदत पन्नास वर्षं. राखीव क्षेत्र बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या सहापटीहून मोठं, पण सलग नाही. डोंगर, दऱ्या आणि त्यांना जोडणारे पट्टे. शिवाय त्यातली बरीच जमीन आधीपासूनच सरकारी होती, हे आकड्याच्या झगमगाटात विसरायला नको.

बिल्डर यात आले ते आणखी एका वचनामुळे. १९९४ मध्ये बॅबिट यांनी जाहीर केलं की आराखडा पाळणाऱ्याकडून पुढे ठरल्याहून जास्त जमीन किंवा पैसा मागणार नाही. १९९२ पर्यंत असे परवाने देशभरात जेमतेम १४ होते; या वचनानंतर ते शेकड्यांनी वाढले. शास्त्रज्ञांची हरकत साधी होती: पन्नास वर्षांत काय होईल हे पावसाला आणि वणव्याला कोण बजावणार? ऑक्टोबर २००३ मध्ये सीडर वणव्याने सॅन डिएगो काउंटीतली सुमारे २.७ लाख एकर जमीन जाळली, त्यात हे झुडपी रानही गेलं.

दुसरा धक्का कोर्टातून आला. कोकणातल्या सड्यांवर पावसाळ्यात जशी उथळ डबकी भरतात, तशी तिथल्या सपाट माथ्यांवर हिवाळ्यात भरतात. त्यांत फेअरी श्रिंप हे इवलेसे जीव जन्मतात. डबकं आटलं की त्यांची अंडी सुक्या मातीत वाट पाहत पडतात. या डबक्यांतल्या सात प्रजातींना आराखड्यात पुरेसं संरक्षण नाही, असं न्यायाधीशांनी २००६ मध्ये ठरवलं आणि तिथली बांधकामं थांबवली. अखेर शहराला डबक्यांसाठी वेगळा आराखडा करावा लागला. नगर परिषदेने तो २०१८ मध्ये स्वीकारला.