तिसऱ्या दिवशीचा राउंड

रात्रीचे अकरा वाजलेत. सत्तरीच्या एका आजींना थंडी वाजून ताप भरलाय, रक्तदाब घसरलाय. लघवीला दोन दिवसांपासून जळजळ होती, असं मुलगा सांगतोय. कॅज्युअल्टीतल्या रेसिडेंट डॉक्टरला विचार करायला फारसा वेळ नाही. संसर्ग लघवीच्या मार्गातून रक्तात शिरला असेल, तर एकेक तास महत्त्वाचा. जिवाणू नेमका कोणता, हे कळायला दोन-तीन दिवस लागणार आणि तोवर थांबणं धोक्याचं. तो मेरोपेनेम लिहितो. हे औषध खूप तऱ्हेच्या जिवाणूंवर चालतं. त्या घडीला, तेवढ्या माहितीवर, त्याचा निर्णय बरोबर आहे.

माझं लक्ष आहे ते तिसऱ्या दिवशीच्या सकाळकडे. आजींचा ताप उतरलेला असतो, कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून ते कोणते आणि कोणत्या औषधाला दाद देतात हे पाहणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट तयार असतो आणि राउंडला फाइलवर पुन्हा तेच लिहिलं जातं: 'कंटिन्यू सेम ट्रीटमेंट'. अँटिबायोटिक सुरू करणारा कुणीतरी ठरलेला असतो. ते बदलायचं, साध्या औषधावर उतरवायचं किंवा थांबवायचं काम मात्र अनेक रुग्णालयांत कुणाच्याच नावावर नसतं. रुग्णालयांमध्ये औषधांना न जुमानणारे जिवाणू का माजतात, याचं एक मोठं उत्तर माझ्या मते या रिकाम्या जागेत आहे.

प्रश्न किती मोठा आहे? अशा जिवाणूंमुळे २०१९ साली जगभरात थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडचं चित्र राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राच्या पाहणीत दिसतं. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात देशातल्या २० मोठ्या रुग्णालयांमधले ९,६५२ रुग्ण त्यात तपासले गेले. त्यांतल्या ७१.९ टक्के रुग्णांना अँटिबायोटिक चालू होतं. लिहिलेल्या औषधांपैकी ५५ टक्के संसर्ग झाला म्हणून नव्हे, तर होऊ नये म्हणून दिलेली होती. उरलेल्या, म्हणजे उपचारासाठी दिलेल्या औषधांपैकी जेमतेम ६ टक्के नेमक्या निदानावर आधारलेली होती. बाकी सगळी अंदाजाने. आजींना पहिल्या रात्री अंदाजाने औषध मिळालं ते ठीकच होतं. पण पाहणीतले आकडे सांगतात की अंदाजाच्या पुढे फारसं कुणी जातच नाही.

यात बिघडतं कुठे, हे समजायला आतड्यात डोकवावं लागतं. तिथे अब्जावधी जिवाणू एरवी गुण्यागोविंदाने राहतात. त्यांतल्या काहींकडे मुळातच एखाद्या औषधापासून वाचण्याची युक्ती असते. कुणी औषधाचा रेणू तोडणारं विकर (एन्झाइम) तयार करतो, कुणी आत आलेलं औषध पंपासारखं बाहेर फेकतो. अँटिबायोटिक ही युक्ती शिकवत नाही. ते बाकीच्यांना मारून या थोड्यांसाठी जागा मोकळी करतं. शेतातलं सगळं तण एकाच औषधाने जाळावं आणि जे एक तण तगलं त्यानेच सारं शेत व्यापावं, तसं. त्यात जिवाणूंची आणखी एक खुबी असते. युक्तीचं जनुक ते प्लाझ्मिड नावाच्या छोट्या गोल डीएनएवर ठेवतात आणि वेगळ्या जातीच्या शेजाऱ्यालाही देऊ शकतात. मग हात, कॅथेटर, बेडपॅन, सिंक अशा वाटांनी हा सारा ऐवज शेजारच्या खाटेपर्यंत जातो. तिथल्या रुग्णाने त्या औषधाचा एक थेंबही घेतलेला नसतो. रक्तदाबाच्या गोळीचं तसं नाही. ती एकाने घेतली तर दुसऱ्याच्या रक्तदाबाला काही होत नाही. अँटिबायोटिक हे एकाला दिलेलं, पण सगळ्यांवर परिणाम करणारं औषध आहे.

आता त्या ५५ टक्क्यांकडे येऊ, कारण सुधारणेला सर्वांत जास्त वाव तिथे आहे. 'ऑपरेशन झालंय, सेप्टिक व्हायला नको' म्हणून टाके काढेपर्यंत अँटिबायोटिक चालू ठेवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. विज्ञान मात्र फार पूर्वीच वेगळं सांगून बसलंय. जॉन बर्क या अमेरिकन शल्यविशारदाने १९६१ साली गिनीपिगांच्या त्वचेत जिवाणू टोचून औषधाची वेळ बदलत बदलत पाहिली. जिवाणू शिरण्याच्या आधी किंवा शिरताना औषध दिलं तर ते उत्तम लागू पडायचं. तीन तास उलटल्यावर दिलं तर दिल्या-न दिल्यासारखंच. पुढे १९९२ साली अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या एका रुग्णालयातल्या २,८४७ शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. छेद घेण्याआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांमध्ये जखमेचा संसर्ग ०.६ टक्के होता, तर शस्त्रक्रियेनंतर उशिरा सुरू केलेल्यांमध्ये ३.३ टक्के. चाकू लागतो त्या क्षणी औषध त्या जागी हजर असावं लागतं, इतकी ही साधी गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली स्पष्टच सांगितलं: शस्त्रक्रिया संपल्यावर निव्वळ खबरदारी म्हणून औषध पुढे चालू ठेवू नका. वेळेवर दिलेला एक डोस बहुतेकदा पुरतो. शस्त्रक्रिया फार लांबली तर मध्ये आणखी एक. नंतरच्या पाच दिवसांच्या इंजेक्शनांनी जखमेचं भलं होत नाही, आतड्यातल्या त्या तगलेल्या तणाचं मात्र होतं.

किती दिवस द्यायचं, हा पुढचा प्रश्न. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल व्याख्यानात बजावलं होतं की अपुऱ्या मात्रेने जिवाणू निर्ढावतील. आपण त्यातून 'कोर्स पूर्ण करा' एवढंच उचललं आणि कोर्स म्हणजे किती, हे पुष्कळदा सवयीने ठरत गेलं: सात दिवस, चौदा दिवस. गेल्या काही दशकांत हे आकडे खरोखर तपासले गेले. रक्तात जिवाणू सापडलेल्या रुग्णांना सात दिवस औषध द्यावं की चौदा, यावर सात देशांतल्या ७४ रुग्णालयांत ३,६०८ रुग्णांवर चाचणी झाली. २०२४ साली निकाल आला. ९० दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण सात दिवसवाल्यांत १४.५ टक्के, चौदा दिवसवाल्यांत १६.१ टक्के. कमी दिवसांनी नुकसान झालं नाही. (स्टॅफिलोकोकस ऑरियससारखे चिवट संसर्ग या चाचणीत धरलेले नव्हते. क्षयाची औषधं तर महिनोन्महिने घ्यावीच लागतात. आणि घरी बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने गोळ्या सोडणं ही निराळी गोष्ट. ती कुणी करू नये.)

हे सगळं वॉर्डात उतरवण्याच्या कामाला 'अँटिबायोटिक स्टुअर्डशिप' म्हणतात. कारभारी दुसऱ्याची ठेव जपून वापरतो, तसा हा औषधांचा कारभार. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, संसर्गतज्ज्ञ, फार्मासिस्ट आणि संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टर अशी मंडळी रोज याद्या पाहतात, उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलतात. त्यांच्या हाताशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१७ सालची तीन गटांची विभागणी असते. अमॉक्सिसिलिनसारखी पहिल्या फळीची औषधं 'अॅक्सेस' गटात, मेरोपेनेम किंवा सेफ्ट्रिॲक्झोनसारखी जपून वापरायची 'वॉच' गटात आणि कोलिस्टिनसारखी शेवटची 'रिझर्व्ह' गटात. वरच्या पाहणीत ५७ टक्के औषधं 'वॉच' गटातली निघाली. दुसरं साधन म्हणजे अँटिबायोग्राम: याच रुग्णालयात गेल्या वर्षी कोणता जिवाणू कोणत्या औषधाला किती दाद देत होता, याचा तक्ता. पहिल्या रात्रीचा अंदाज त्याने पुष्कळ नेमका होतो.

औषध कमी केल्याने रुग्ण दगावतील, ही भीती खरी असते आणि तिला हसण्यावारी नेऊ नये. वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या 'कॉक्रेन' संस्थेच्या २०१७ सालच्या आढाव्यात २२१ अभ्यास पाहिले गेले. असे उपक्रम राबवलेल्या ठिकाणी अँटिबायोटिकचा काळ सुमारे दोन दिवसांनी घटला आणि मृत्यूचं प्रमाण उपक्रम असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही गटांत ११ टक्केच राहिलं.

आपल्याकडे अडचणी वेगळ्या आणि अवघड आहेत. लहान शहरांतल्या अनेक रुग्णालयांत कल्चरची सोयच नसते. सोय असली तरी खर्च बहुधा रुग्णाच्या खिशातून. एका सिस्टरच्या वाट्याला मावणार नाहीत इतके रुग्ण, त्यामुळे हात धुणंसुद्धा घाईत. दुसऱ्या दवाखान्यातून चार गोळ्या पोटात गेल्यावर घेतलेलं कल्चर कोरं येतं. शिवाय बाहेर नातेवाईक उभे असतात: 'डॉक्टर, पैशांचं बघू नका, भारीतलं औषध द्या.' त्यांच्या जिवाची घालमेल मला समजते. पण अँटिबायोटिकमध्ये भारीतलं म्हणजे अधिक गुणाचं असं नसतं; अनेकदा नेमकं, साधं औषध त्या एका जिवाणूवर जास्त चांगलं चालतं.

तरी काही पावलं पडलीत. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंना आवरण्यासाठी केरळने २०१८ साली स्वतःचा राज्य कृती आराखडा केला, देशात पहिला. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी देशभरातल्या डॉक्टरांना पत्र लिहून सांगितलं की अँटिबायोटिक लिहिताना ते कशासाठी, हेही चिठ्ठीवर लिहा. कागदावर हे एक वाक्य वाढतं; पण 'कशासाठी' लिहायला हात थबकला, तर त्याच क्षणी कळतं की औषध नको होतं.

आजींकडे परत जाऊ. समजा, त्या रेसिडेंटने पहिलं इंजेक्शन देण्याआधी पाच मिनिटं काढून रक्ताचं आणि लघवीचं कल्चर पाठवलं होतं. तिसऱ्या दिवशी राउंडला मायक्रोबायोलॉजीचा फोन येतो. ई. कोलाय आहे. रिपोर्टवर पुष्कळ औषधांपुढे 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे दाद देत नाही), पण को-ट्रायमोक्साझोलपुढे 'एस' (सेन्सिटिव्ह, म्हणजे दाद देतो). आजींना ताप नाही, पेज खाल्लीय, किडनीचे रिपोर्ट ठीक आहेत. मेरोपेनेम थांबतं, गोळी सुरू होते. सिस्टर आजींच्या हातातली सुई काढून कापसाचा बोळा दाबून धरतात. डॉक्टर केसपेपरवर औषधाच्या नावापुढे कारण लिहितात आणि त्यापुढे सातव्या दिवसाची तारीख: बंद.