ग्राहकांसाठी माहिती: झेंडा दिसला म्हणून पाकीट गुलामगिरीविरोधी ठरत नाही

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केले. ते वाचून बरेच जण आमच्याकडे अमेरिकी यादवी युद्धातली, चित्रे छापलेली टपालाची पाकिटे मागतात. झेंड्याचे छानसे पाकीट पसंत करतात आणि पार्सल पोचले की फोन येतो, ‘यात गुलामांचं काहीच नाही, परत घ्या.’ यात तुमचाही वेळ जातो आणि आमचाही, शिवाय दीडशे वर्षांहून जुना कागद विनाकारण हाताळला जातो.

एप्रिल १८६१ मध्ये फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या राज्यांनी सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या, युद्ध पेटले आणि उत्तरेतल्या छापखान्यांनी अशी पाकिटे धडाक्यात काढली. झेंडा, गरुड, वॉशिंग्टन, फासावर लटकलेला जेफरसन डेव्हिस, म्हणजे दक्षिणेचा अध्यक्ष! हा सगळा युनियनचा, म्हणजे उत्तरेच्या बाजूचा, अभिमान. गुलामगिरी आहे तिथे हात घालण्याचा इरादा नाही, असे खुद्द लिंकन यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये शपथविधीच्या भाषणात सांगितले होते. मुक्तीचा जाहीरनामा आला १ जानेवारी १८६३ ला, आणि बरीचशी पाकिटे त्याच्या आधीची आहेत.

तुम्हाला हवी असतात ती ‘कॉन्ट्राबँड’ पाकिटे. मे १८६१ मध्ये फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम व्हर्जिनियातल्या मन्रो किल्ल्यात युनियनच्या सैन्याकडे पळून आले. शत्रू, म्हणजे दक्षिणेचे सैन्य, त्यांना तोफांच्या मोर्चाच्या बांधकामावर राबवत होता. किल्ल्याचे जनरल बटलर मूळचे वकील. शत्रूच्या कामी येणारा माल (‘कॉन्ट्राबँड’) जप्त करता येतो, या न्यायाने त्यांनी तिघांना परत द्यायला नकार दिला. छापखान्यांनी हा प्रसंग लगेच उचलला. एका गाजलेल्या चित्रात मालक चाबूक उगारून ‘परत ये’ म्हणून ओरडतो आहे आणि गुलाम त्याला वाकुल्या दाखवत म्हणतो, ‘आता येणं नाही, मी कॉन्ट्राबँड!’ मात्र त्या गुलामाचे चित्र आणि बोली दोन्ही टिंगलीच्या सुरातली आहेत. गुलामगिरीला विरोध करणाऱ्यांच्या मनातही काळ्या माणसाबद्दल तुच्छता होती, आणि हे झाकून विकणे आम्हाला पटत नाही. म्हणून प्रत्येक पाकिटासोबत चित्राखालच्या मजकुराचा मराठी अर्थ आणि आमचे स्पष्ट मत लिहून देतो.

तेव्हा मागणी करताना चित्र कशाचे हवे ते लिहा. पैसे भरण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो मागवा, आम्ही लगेच पाठवतो. टपालात न गेलेली कोरी पाकिटे स्वस्त पडतात, कारण त्या काळीच लोकांनी ती हौसेने विकत घेऊन जपून ठेवली. ३ सेंटचे तिकीट आणि शिक्का असलेली, टपालातून गेलेली पाकिटे महाग, पण संग्रहाला वजन त्यांचेच. तिकीट पाण्यात भिजवून काढू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. असे काही केलेले पाकीट आम्ही परत घेत नाही. जपायला बिनआम्लाची पारदर्शक पाकिटे आमच्याकडे मिळतात.