पार्श्वभूमी : रेडियम-223 आणि 50 चे 55 कसे झाले

हाडांत पसरलेल्या प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी रेडियम-223 या किरणोत्सारी औषधाला अमेरिकेत मे 2013 मध्ये मान्यता मिळाली. अल्फा कण (अणुकेंद्रातून सुटणारे जड कण) सोडणाऱ्या औषधांत मान्यतेचा पहिला मान त्याचा. मात्रा ठरली ती वजनामागे: किलोला 50 किलोबेकरेल (बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन), चार आठवड्यांच्या अंतराने सहा इंजेक्शनं. पुढे 2016 मध्ये माहितीपत्रकात 50 च्या जागी 55 छापलं गेलं. वाचणाऱ्याला वाटावं, औषध वाढवलं. प्रत्यक्षात कुपीत होतं तेवढंच राहिलं.

चूक मोजपट्टीत होती. रुग्णालयातला डोस कॅलिब्रेटर विघटनं थेट मोजत नाही. किरणांमुळे निर्माण होणारा विद्युतप्रवाह तो मोजतो आणि प्रमाण नमुन्यावरून ठरवलेल्या गुणकाने त्याचे बेकरेल करतो. तो मूळ प्रमाण नमुनाच सुमारे दहा टक्क्यांनी कमी भरत होता. फेरमोजणीत हे लक्षात आल्यावर मिलिलिटरमागचे 1000 किलोबेकरेल 1100 झाले आणि किलोमागचे 50 झाले 55.

गोंधळाचं दुसरं मूळ ‘मात्रा’ या शब्दात आहे. शिरेत सोडलेले बेकरेल म्हणजे मात्रा, ऊतीत मुरलेली ऊर्जा, म्हणजे ग्रे, हीसुद्धा मात्रा, आणि अल्फा कण जास्त घातक म्हणून त्या ग्रेंना साधारण पाचने गुणून येतो तो आकडाही मात्राच. आकडा सुधारल्यावर रुग्णाच्या अंगात जाणारं औषध बदललं नाही, पण त्याच कुपीतून हाडाला मिळणारे हिशोबातले ग्रे दहा टक्क्यांनी वाढले. जुने आणि नवे ग्रे शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याने साल तपासलंच पाहिजे.

माझ्या मते खरा वादाचा निर्णय वेगळाच होता. मात्रा वजनावरून ठरली, औषध शरीरात कुठे गेलं याचं चित्रण सक्तीचं झालं नाही. सत्तर किलोच्या दोन रुग्णांपैकी एकाच्या हाडांत तीन गाठी आणि दुसऱ्याच्या तीस असल्या, तरी दोघांना 3.85 मेगाबेकरेलच मिळणार. बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं असं, की 921 रुग्णांच्या चाचणीत याच पद्धतीने आयुष्याचा मध्यक (निम्मे रुग्ण जिवंत राहिले तो काळ) 11.3 महिन्यांवरून 14.9 महिन्यांवर गेला. ते खरंच आहे. पण त्यातून कोणाच्या गाठीत किती ऊर्जा मुरली, हे कळत नाही.

चित्रण अवघड आहे हेही मान्य. रेडियम-223 च्या विघटनाच्या साखळीतून निघणाऱ्या ऊर्जेपैकी कॅमेऱ्यापर्यंत पोचू शकणाऱ्या गॅमा किरणांच्या वाट्याला जेमतेम एक टक्का येतो. नेहमीच्या बोन स्कॅनला टेक्नेशियमचे काही शे मेगाबेकरेल देतात, इथे चारसुद्धा नाहीत. तरी 82, 154 आणि 270 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खिडक्या (ठरावीक ऊर्जेचेच किरण टिपणारे पट्टे) लावून गॅमा कॅमेऱ्याने चित्रं मिळवली गेली, आणि औषधाचा मोठा वाटा काही तासांत आतड्यात पोचतो हे त्यांत डोळ्यांना दिसलं. अडचण उरते ती मापाची: अल्फा कण ऊतीत मिलिमीटरचा दहावा हिस्साही ओलांडत नाही, कॅमेऱ्याला मात्र सेंटीमीटरच्या आतलं फारसं वेगळं दिसत नाही.

शरीरातलं रेडियम मोजण्याची धडपड तशी जुनीच. घड्याळांच्या तबकड्या रेडियमने रंगवणाऱ्या अमेरिकेतल्या कामगार मुलींच्या श्वासातला रेडॉन मोजून हाडांतल्या रेडियमचा अंदाज बांधला गेला होता.

आता पेच ॲक्टिनियम-225 चा आहे. हाही अल्फा कण सोडणारा अणू, पण तो औषधाच्या रेणूला जोडून देतात. अल्फा कण सुटताना मागे उरलेल्या अणूला उलटा धक्का बसतो. त्याची ऊर्जा सुमारे 100 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, तर रासायनिक बंधाची अवघी काही इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्यामुळे हा अणू औषधाच्या रेणूपासून तुटतो. साखळीतलं फ्रान्सियम-221 (218 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) 4.8 मिनिटांत अर्धं होतं, म्हणून त्याला दूर जायला फारसा वेळच मिळत नाही. बिस्मथ-213 (440 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) अर्धं व्हायला 46 मिनिटं लागतात, तेवढ्यात ते रक्तातून मूत्रपिंडात जाऊन बसू शकतं. म्हणून दोन्ही खिडक्यांतली चित्रं वेगवेगळी काढून शेजारी ठेवावी लागतात. मूत्रपिंडात बिस्मथ जास्त आणि फ्रान्सियम कमी दिसलं, तर तिथला जादा भाग औषधाचा नाही, त्यापासून सुटून आलेल्या अणूंचा आहे.