फुलपाखरे व पतंगांचा नमुनासंग्रह : नोंदचिठ्ठ्या आणि जातवार मांडणी

टाचणीवर वाळवून ठेवलेल्या फुलपाखरांना व पतंगांना नोंदचिठ्ठ्या लावण्याची, त्यांची ओळख पटवण्याची आणि ओळखीनुसार त्यांना पेट्यांत मांडण्याची पद्धत. खवलेपंखी गणातील (लेपिडॉप्टेरा) सुमारे १,६०,००० जातींचे वर्णन आजवर झाले आहे. त्यांत फुलपाखरे जेमतेम अठरा-एकोणीस हजार, बाकी सगळे पतंग. या पसाऱ्यात एखाद्या नमुन्याचे मोल ठरते ते त्याच्या पंखांवरून नव्हे, तर त्याच टाचणीत खाली टोचलेल्या कागदाच्या चिटोऱ्यावरून. चिठ्ठी नसलेले देखणे फुलपाखरू फार तर भिंतीवरच्या चौकटीत शोभते. उलट पंख फाटलेला, शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) तुटलेला पतंगही ठिकाण आणि तारीख सांगत असेल तर शंभर वर्षांनीही अभ्यासकाच्या कामी येतो. बिस्टन बेट्युलॅरिया या ठिपकेदार पतंगाचे काळे रूप इंग्लंडातील मँचेस्टर येथे १८४८ मध्ये नोंदले गेले आणि शतक संपेपर्यंत कारखान्यांच्या काजळीने माखलेल्या त्या भागात तेच बहुसंख्य झाले. नैसर्गिक निवडीचे हे गाजलेले उदाहरण हाती लागण्यात जुन्या संग्राहकांच्या तारीखवार नोंदींचा वाटा मोठा आहे.

प्रत्येक नमुन्याखाली निदान दोन चिठ्ठ्या असतात आणि त्या जाणूनबुजून वेगळ्या ठेवलेल्या असतात. पहिलीवर घडलेली गोष्ट असते : नमुना कोठे, केव्हा, कोणाला, कसा मिळाला. दुसरीवर मत असते : हा अमुक जातीचा आहे, असे अमक्याने अमक्या साली ठरवले. घटना बदलत नाही, मत बदलते. म्हणून पहिली चिठ्ठी कायमची, तर दुसरीच्या खाली पुढे आणखी चिठ्ठ्यांची भर पडू शकते. नवशिके हौसेने दोन्ही मजकूर एकाच कागदावर लिहितात. नाव बदलले की सगळी चिठ्ठी नव्याने लिहावी लागते आणि नकलेत चूक शिरते.

पहिल्या चिठ्ठीत देश, प्रांत, जिल्हा आणि नेमके ठिकाण असे मोठ्याकडून लहानाकडे लिहितात. गावांची नावे बदलतात, एकाच नावाची चार गावे असतात. त्यामुळे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची हवीच. महिना रोमन अंकात लिहिण्याचा प्रघात आहे, कारण साध्या अंकांत ३.५ म्हणजे तीन मे की पाच मार्च, असा प्रश्न निर्माण होतो. वर्ष चारही आकड्यांत. त्याखाली संग्राहकाचे नाव आणि पकडण्याची रीत : जाळे, प्रकाश-सापळा की आमिष. रात्रभर लावलेल्या सापळ्यात मध्यरात्रीला तारीख उलटते, म्हणून तेथे दोन्ही तारखा लिहितात. अळी पाळून मिळवलेल्या नमुन्याच्या बाबतीत गफलत हमखास होते. प्रौढ कोशातून ज्या दिवशी बाहेर पडला ती तारीख निसर्गात तो उडण्याची तारीख असेलच असे नाही, विशेषतः अळी घरातल्या उबेत वाढली असेल तर. तेव्हा अळी सापडल्याची आणि प्रौढ बाहेर पडल्याची, अशा दोन्ही तारखा व खाद्यवनस्पतीचे नाव दिले नाही तर ती नोंद दिशाभूल करते. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातींच्या बाबतीत परवान्याचा क्रमांकही नोंदीत असावा लागतो. क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग (ऑर्निथॉप्टेरा अलेक्झांड्री) हे जगातले सर्वांत मोठे फुलपाखरू अशा जातींपैकी एक.

एवढा मजकूर साधारण दोन सेंटिमीटर लांबीच्या कागदात बसवायचा असतो, त्यामुळे छपाई चार पॉइंटच्या आसपास जाते. कागद आम्लमुक्त व जाडसर, शाई रंगद्रव्याची आणि पाण्याने न फुटणारी. बॉलपेनची शाई काही वर्षांत फिकटते. टाचणी गंजरोधक पोलादाची असावी. जुन्या पितळी टाचण्यांवर कीटकाच्या शरीरातील मेदामुळे हिरवा गंज धरतो आणि तो वक्ष फोडून बाहेर येतो. सगळ्या चिठ्ठ्या एका उंचीवर याव्यात म्हणून पायऱ्यापायऱ्यांचा भोके पाडलेला ठोकळा वापरतात. पंख न पसरता त्रिकोणी घडीच्या कागदी पाकिटात ठेवलेल्या नमुन्यांची माहिती पाकिटावर लिहायची ती फुलपाखरू आत घालण्यापूर्वी. नंतर लिहिताना पेनाच्या दाबाने पंख तुटतात.

ओळखीच्या चिठ्ठीवर प्रजाती (जवळच्या जातींचा गट, जीनस) व जातीचे नाव, नाव देणारा, साल आणि ओळख पटवणारा हे तपशील येतात. नाव देणाऱ्याभोवतीचा कंस शोभेचा नसतो. पॅपिलिओ डेमोलियस लिनियस, १७५८ येथे कंस नाही, कारण जात आजही मूळच्याच प्रजातीत आहे. डॅनॉस क्रिसिपस (लिनियस, १७५८) येथे कंस आहे, कारण स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने तिला पॅपिलिओ या प्रजातीत घातले होते. जुनी ओळख चुकीची ठरली तरी तिची चिठ्ठी काढून टाकत नाहीत. एखाद्या प्रकाशित लेखातला उल्लेख याच नमुन्याचा होता, हे कधी कधी त्या चुकीच्या चिठ्ठीवरूनच कळते. ज्या नमुन्यावर जातीचे नाव बेतलेले असते त्या होलोटाइपला लाल चिठ्ठी लावतात, मूळ वर्णनात उल्लेखलेल्या इतर नमुन्यांना म्हणजे पॅराटाइपला बहुधा पिवळी.

ओळख पटवणे हा या कामातला सर्वांत कष्टाचा भाग आहे. केवळ दिसण्यावरून केलेली वाटणी फसते. कॉमन मॉरमॉन (पॅपिलिओ पॉलिटेस) याचा नर एकाच प्रकारचा, पण मादी कधी नरासारखी तर कधी अगदी वेगळ्या, विषारी फुलपाखरांची नक्कल करणारी असते. खुद्द लिनियसने मादीला पॉलिटेस आणि नराला पॅमॉन अशी दोन वेगळ्या जातींची नावे दिली होती. मेलॅनायटिस लेडा या सांजप्रहरी उडणाऱ्या फुलपाखराच्या पंखांच्या खालच्या बाजूस पावसाळ्यात डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात, तर कोरड्या ऋतूत ते जवळजवळ नाहीसे होतात. तारीख माहीत नसेल तर दोन रूपे दोन खणांत जाऊन बसतील. पतंगांच्या कित्येक प्रजातींत तर पंखांवरून निर्णय होतच नाही, जननांगे पाहावी लागतात. त्यासाठी उदर वेगळे करून सुमारे १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मऊ करतात आणि सोडवलेले भाग काचपट्टीवर किंवा ग्लिसरीनच्या इवल्या कुपीत ठेवतात. काचपट्टीचा क्रमांक टाचणीवर नसला तर दोन्ही गोष्टी एकमेकींना पारख्या होतात. कादंबरीकार व्लादिमीर नाबोकोव्ह याने १९४०च्या दशकात हार्वर्डच्या संग्रहालयात निळ्या फुलपाखरांच्या जननांगांवरून मांडलेली वर्गवारी आणि त्यांच्या स्थलांतराचा अंदाज २०११ मध्ये डीएनएच्या अभ्यासाने उचलून धरला. आता एका पायाच्या तुकड्यातून सीओआय या जनुकाचा ६५८ बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) भाग वाचून ओळख तपासतात. त्याचाही क्रमांक टाचणीवर जातो.

मांडणीत पेटी किंवा खण हा मोठा कप्पा आणि त्यातल्या सुट्या पुठ्ठ्याच्या तबकड्या हा लहान कप्पा. एका तबकडीत एकच जात, दर्शनी बाजूला नावाची पट्टी. पूर्वी नमुने थेट खणाच्या तळाच्या बुचात टोचत आणि मध्ये एका जातीची भर पडली की पुढचे शेकडो नमुने एकेक करून सरकवावे लागत, तुटत. तबकड्यांमुळे ते टळले. अशी उलथापालथ नित्याची असते. डॅनेइडी आणि सॅटायरिडी ही एकेकाळची स्वतंत्र कुले आज निम्फॅलिडीची उपकुले मानली जातात. आर्क्टिइडी व लायमँट्रिइडी ही पतंगांची कुले एरेबिडी या कुलात गेली. म्हणून कुले वर्गीकरणाच्या क्रमाने पण कुलातल्या प्रजाती सरळ वर्णानुक्रमे, ही तडजोड पुष्कळ संग्रहालये करतात. शुद्ध वर्गीकरणाच्या आग्रहापेक्षा ती शहाणपणाची वाटते, कारण नमुना सापडणे महत्त्वाचे. तबकडीत आधी नर, मग माद्या, निदान एकेक नमुना खालची बाजू वर करून. नमुने जास्त असतील तर ठिकाणावार. इंग्लंडातील धनाढ्य संग्राहक वॉल्टर रॉथ्सचाइल्ड आणि त्याच्या संग्रहाचा कीटकतज्ज्ञ कार्ल जॉर्डन यांनी एकेका जातीच्या, ठिकाणोठिकाणच्या लांबलचक मालिका जमवण्यावर भर दिला. रॉथ्सचाइल्डचा वीस लाखांहून अधिक नमुन्यांचा हा संग्रह १९३७ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे आला. ओळख न पटलेले नमुने कुलाच्या वा प्रजातीच्या शेवटी वेगळे ठेवतात. अंदाजाने कोठेतरी खुपसलेला नमुना पुढे नकाशावर खोटा ठिपका उमटवतो.

संग्रहाचा मोठा शत्रू अँथ्रेनस या भुंगेऱ्याची अळी. नमुन्याखाली तपकिरी भुकटी दिसली की ती आत आहे असे समजावे. नॅप्थॅलीनच्या गोळ्यांचा वापर आरोग्याला अपायकारक म्हणून मागे पडला आहे. नवे नमुने आणि संशयित खण प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उणे २० अंश सेल्सियसला आठवडा-दोन आठवडे गोठवतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडली तर दव धरते. खोड पोखरणाऱ्या अळ्यांपासून झालेल्या पतंगांचे उदर पुढे तेलकट होते आणि तेल चिठ्ठ्यांपर्यंत उतरते. अशा नमुन्याला ॲसिटोनमध्ये बुडवण्यापूर्वी चिठ्ठ्या उतरवून, त्यांचा क्रम राखून, दुसऱ्या टाचणीवर ठेवाव्यात.

अलीकडे प्रत्येक नमुन्याला स्वतंत्र क्रमांकाची क्यूआर चिठ्ठी जोडून त्याची नोंद आणि छायाचित्र संगणकावर चढवतात. ‘डार्विन कोर’ या सामायिक मांडणीमुळे वेगवेगळ्या संग्रहांच्या नोंदी एकत्र चाळता येतात. क्यूआर चिठ्ठी मात्र मूळ नोंदचिठ्ठीच्या जागी लावत नाहीत, तिच्या खाली लावतात.