जुलैत घरात सायकल मारताना घाम जातो कुठे?

परवा म्हापशाच्या एका मित्राचा फोन आला, ट्रेनर, म्हणजे घरात जागेवर सायकल मारायचं यंत्र, बिघडलाय म्हणून. जानेवारीत रस्त्यावर १५० वॉटला त्याचा हार्टरेट १४० च्या आत असायचा आणि आता घरात तेवढ्याच वॉटला वीस मिनिटांत १६० वर जातो. मी विचारलं, क्रँकवरचा (पॅडलच्या दांड्यावरचा) पॉवर मीटर, जो पायाची ताकद वॉटमध्ये मोजतो तो, आणि ट्रेनर, दोघांचे आकडे जुळतात का? जुळतात म्हणाला. मग ट्रेनर ठीकच आहे की! पण पुढे तो जे बोलला त्यासाठी हा लेख लिहायला बसलोय. "एक मात्र बरंय रे, सायकलखाली तळं साचतं, चरबी नुसती वितळून गळतेय."

नाही. चरबीबिरबी काही गळत नाहीये, उलट तो जो घाम लादीवर पडतोय तो फुकट गेलेला घाम आहे.

आधी थोडं ट्रेनरला जोडून घरात सायकल मारायच्या ॲप्सबद्दल. झ्विफ्ट २०१४ मध्ये आलं, मग रूव्ही, मायवूश वगैरे. सायकलचं मागचं चाक काढून फ्रेम ट्रेनरवर बसवायची, स्क्रीनवर चढ आला की ट्रेनरमधलं इलेक्ट्रोमॅग्नेट फिरत्या चकतीला जास्त जोरात अडवतं आणि पायाला खरोखर चढ लागतो. फ्रान्समधल्या आल्प द्युएझच्या २१ वळणांच्या घाटाची हुबेहूब नक्कल झ्विफ्टवर आहे, आणि २०२० पासून यूसीआय ही सायकलिंगची जागतिक संघटना या प्रकारात वर्ल्ड चॅम्पियनशिप घेते, त्यामुळे हा नुसता खेळ आहे असं कोणी म्हणू नये. पण या सगळ्याची मूळ गरज युरोप-अमेरिकेतल्या हिवाळ्याची, रस्त्यावर बर्फ, चार वाजता अंधार, मग गॅरेजमध्ये सायकल मारा. आपल्याकडे गोव्यात हिवाळा म्हणजे तर बाहेर चालवायचे दिवस. आपला घरात बसायचा मोसम जून ते सप्टेंबर, आणि इथली आयर्नमन ७०.३ (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत) असते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे ९० किलोमीटर सायकलिंगची सगळी तयारी नेमकी धो धो पावसात येते. मग ट्रेनर घेतल्याशिवाय इलाज नाही. पण तिथल्या गॅरेजमधली हवा आणि आपल्या खोलीतली हवा यात जो फरक आहे तो कुणी सांगत नाही.

माणसाचं शरीर इंजिन म्हणून बघितलं तर कार्यक्षमता जेमतेम २० ते २५ टक्के. पॅडलवर १५० वॉट द्यायचे तर आत साधारण ५०० वॉट नुसती उष्णता तयार होते, इस्त्रीच्या निम्मी म्हणा. ही बाहेर गेलीच नाही तर ७० किलोचा माणूस आठेक मिनिटांत एक डिग्रीने तापेल. म्हणून घाम. पाण्याच्या कणांमध्ये जे जास्त वेगवान असतात ते सुटून हवेत जातात आणि जाताना ऊर्जा घेऊन जातात, मागे राहतात ते हळू, म्हणजे थंड. एक ग्रॅम घाम उडाला की त्वचेवरून साधारण २४०० जूल जातात. ५०० वॉट तासभर म्हणजे १८ लाख जूल, भागाकार केला तर पाऊण लिटर घाम. पण तो उडायला हवा हं, ओघळून चालत नाही. ग्रॅमभर घाम टपकन खाली पडला तर ते २४०० जूल तुमच्या अंगातच राहिले.

आणि उडणार कधी? जुलैत दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत ना, तुमची पाठ पण त्या दोरीवरचाच कपडा आहे. कातडीजवळच्या वाफेचा दाब आणि हवेतल्या वाफेचा दाब यात जेवढा फरक तेवढा घाम उडतो. घामेजलेली कातडी ३५ डिग्रीला असेल तर तिच्याजवळ हा दाब ५.६ किलोपास्कल. युरोपातल्या १० डिग्रीच्या गॅरेजमध्ये हवा अगदी शंभर टक्के दमट असली तरी दाब १.२ च, कारण थंड हवेत वाफ मावतच नाही. फरक ४.४. आपल्याकडे २८ डिग्री आणि ९० टक्के दमटपणा, दाब ३.४, फरक उरला २.२. निम्मा! शिवाय १० डिग्रीची हवा नुसती अंगाला लागूनच भरपूर उष्णता नेते, तो फायदा पण आपल्याला जवळजवळ नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा हिशोब. दहा बाय दहाची खोली, उंची दहा फूट, म्हणजे २८ घनमीटर हवा. २८ डिग्रीला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे अख्ख्या खोलीत ७६० ग्रॅमच्या आसपास. त्यातली ९० टक्के जागा पावसाने आधीच भरलीय, शिल्लक साधारण ७५ ग्रॅम. अर्धी वाटी पाणी! आणि तुम्ही तासाला ७५० ग्रॅम उडवायला बसलाय. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लावल्या असतील तर सहा मिनिटांत खोली भरली. खोली तापते तशी थोडी जागा वाढते, पण त्याने सुटका होत नाही. म्हणून बंद खोलीत नुसता पंखा लावणं अर्धवट काम आहे, पंखा कातडीला चिकटलेला दमट थर उडवतो ते चांगलंच, पण तीच ओली हवा गोल गोल फिरते. हवा बाहेर गेली पाहिजे.

हार्टरेटचं कोडं पण इथेच सुटतं. शरीर गार होण्यासाठी रक्त कातडीकडे पाठवतं, घामाने रक्तातलं पाणी पण कमी होतं, एका ठोक्यात कमी रक्त जातं, मग तेवढ्याच वॉटसाठी ठोके वाढवावे लागतात.

आणि चरबीचं म्हणाल तर तिचं बहुतेक वजन कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे जातं. तासभर १५० वॉट म्हणजे ५४० किलोज्यूल काम, त्यासाठी शरीर साधारण तेवढ्याच किलोकॅलरी जाळतं, घाम वाटीभर येऊ दे नाहीतर बादलीभर. ते पोटाला गुंडाळायचे घाम काढणारे पट्टे विकतात, घामातून विष बाहेर पडतं म्हणतात, त्याचा मला मनापासून राग येतो, कारण पावसाळ्यात असं गुंडाळून व्यायाम केला तर माणूस उष्माघाताने पडू शकतो. डोकं गरगरलं, अंगावर शहारे यायला लागले तर तिथेच थांबा, ॲपवरची रेस गेली खड्ड्यात.

हळूहळू वाढवत दहा-पंधरा दिवस गरमीत सराव केला तर शरीर शिकतं, रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुरू होतो आणि त्यात मीठ कमी जातं. तोपर्यंत पाण्याबरोबर मीठ हवंच. मी सायकलवरून उतरल्यावर उकड्या तांदळाची पेज आणि खारातली तोर (कैरी) घेतो, पाणी, पिष्ट, मीठ तिन्ही आलं. हँडलवर टॉवेल टाका, माझ्या स्टेमचे (हँडल धरून ठेवणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट घामाच्या मिठाने असे गंजले की ॲलन की फिरेना.

मित्राला सांगितलं, खोली सोड, ट्रेनर बाल्कांवात ने. वर कौलं, तीन बाजू उघड्या, पाऊस अंगणात, समोर एक मोठा टेबल फॅन. रविवारी मी गेलो तेव्हा तो तेच १५० वॉट मारत होता, चाळीस मिनिटं झाली होती, हार्टरेट १४६. मी वाकून खाली बघितलं, लादी कोरडी होती.